कोठे जावे?

परदेशपर्यटनाविषयी काही विचार

दिवाळीत वहीपूजन झाले, नव्या वर्षाचे व्यवहार मार्गी लागले, की आपल्या व्यापारी कुटुंबांतून हल्ली एक प्रश्न हमखास निघतो : ‘यंदा परदेशी कोठे जावयाचे?’ दोन पिढ्यांपूर्वी हा प्रश्न शंभरांत एखाद्या घरी निघत असे. परकीय चलनासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज करावा लागे, आणि परदेशी जाऊन आलेल्या गृहस्थास भेटावयास आळीतील मंडळी जमत. आज ती अपूर्वाई उरलेली नाही. मुलगा शिक्षणासाठी जातो, मुलगी लग्न होऊन जाते, आणि धंद्यात ज्यास चार पैसे मिळाले तो सहकुटुंब सहल करून येतो. ही स्थिती आनंदाचीच आहे. तथापि या आनंदात एक उणीव आम्हांस बरीच वर्षे जाणवत आली आहे, आणि ती आपल्या बंधु-भगिनींपुढे स्पष्टपणे मांडावी म्हणून हा लेखनप्रपंच.

उणीव ही की, ‘कोठे जावे’ याचे उत्तर आपण स्वतः देत नाही. ते शेजारच्या पेढीवाल्याने आणलेली छायाचित्रे देतात, प्रवास कंपनीचे रंगीत पत्रक देते, किंवा ‘बारा दिवसांत नऊ देश’ हा हिशेब देतो. आपण व्यापारी माणसे. गव्हाचे एक पोते घ्यावयाचे तरी मूठभर दाणे हातावर घेऊन पाहतो, दाताखाली चावून पाहतो, कापडाचा पन्हा मोजतो, सोन्याचा कस लावतो. शेजाऱ्याने घेतला म्हणून माल उचलणाऱ्यास आपण व्यापारी म्हणत नाही. मग वर्षानुवर्षांच्या शिलकेतून केलेला हा मोठा खर्च मात्र आपण नमुना न पाहता कसा करतो?

हा दोष आम्ही दुसऱ्याच्या माथी मारीत नाही. आमच्या घरचीच हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही मातोश्रींना घेऊन युरोपच्या अशाच एका सहलीस गेलो. डिसेंबरचा महिना होता, कारण मुलांना सुटी तेव्हाच होती. मातोश्रींचा चौविहाराचा नियम जन्माचा. तिकडे त्या दिवसांत दुपारी साडेचार-पाचलाच सूर्य मावळे, आणि आमची बस मुक्कामी पोहोचेपर्यंत काळोख पडलेला असे. भोजनगृहात सर्व मंडळी जेवावयास बसत, आणि मातोश्री खोलीत माळ घेऊन बसत. एक शब्दही त्यांनी तक्रारीचा काढला नाही. एका गावी रस्त्यालगतच्या दुकानाच्या काचेआड एक वृद्ध स्त्री कापडावर भरतकाम करीत बसली होती. मातोश्री तिच्याकडे टक लावून पाहत उभ्या राहिल्या. बसचा भोंगा वाजला. त्यांनी मागे वळून पाहिले व इतकेच म्हणाल्या, ‘अरे, हिच्याजवळ घटकाभर बसता आले असते तर!’

तेव्हा आम्हांस आठवले, की मातोश्रींच्या माहेरी छापील कापडाचा धंदा होता. लाकडी ठसे, रंगाच्या कुंड्या व वाळत घातलेल्या चादरी यांच्यातच त्यांचे बालपण गेले होते. त्यांस बर्फाच्छादित शिखरांची हौस नव्हती. हाताने काम करणारी माणसे पाहावी, एवढीच त्यांची आवड. आणि निघण्यापूर्वी ‘आई, तुला काय पाहावेसे वाटते?’ हा साधा प्रश्न आम्ही कोणीही त्यांस विचारला नव्हता. मातोश्री आज नाहीत. त्या सहलीची छायाचित्रे घरात आहेत. परंतु ती पाहताना आम्हांस त्या दुकानाची काचच अधिक आठवते.

आपल्या नगरीस परदेश नवा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या सागरी व्यापाराची माहिती लिहून ठेविली. ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या ग्रंथात आपल्या उज्जयिनीचा ‘ओझेने’ असा उल्लेख आहे. अकीक व तत्सम रंगीत दगड, तलम मलमल व जाडेभरडे कापड येथून भडोच बंदरास उतरे आणि तेथून जहाजाने पश्चिमेस जाई, असे तो सांगतो. म्हणजे ज्या काळी युरोपातील आजची अनेक राजधानीची शहरे वसलीही नव्हती, त्या काळी क्षिप्रातीरीचा माल समुद्र ओलांडीत होता. ‘उपासकदशा’ या आगमग्रंथात आनंद श्रावकाची कथा आहे. त्याने परिग्रहाचे परिमाण केले तेव्हा दिशायात्रेसाठी चार जहाजे व मालवाहतुकीसाठी चार जहाजे एवढी मोकळीक ठेविली. श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत आहे. त्याचा अर्थ घराबाहेर पडू नये असा नव्हे, तर कोणत्या दिशेस किती जावयाचे हे निघण्यापूर्वी ठरवावे असा आहे. आजच्या परदेशगमनास याहून उत्तम नियम आम्हांस तरी माहीत नाही. दिशा आपली आपण निवडावी, आणि मर्यादाही आपणच आखावी.

ज्यांनी अशी दिशा निवडली त्यांचे जाणे सार्थ झाले. वीरचंद राघवजी गांधी 1893 साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेस गेले तेव्हा ते अवघे एकोणतीस वर्षांचे होते. आचार्य आत्मारामजी महाराजांना निमंत्रण आले होते. परंतु मुनिधर्मास वाहनप्रवास वर्ज्य, म्हणून त्यांचे प्रतिनिधी म्हणून वीरचंदभाई गेले. परत आल्यावर समुद्रोल्लंघनाबद्दल त्यांस शासन करावे, असे म्हणणारे लोक आपल्यात निघाले, हे आज वाचून आश्चर्य वाटते. उलट दिशेचे उदाहरण तर आपल्या उज्जैनशीच निगडित आहे. जर्मनीत शिकलेल्या डॉ. शार्लोट क्राउझे या विदुषी जैन साहित्याच्या अभ्यासासाठी 1920 च्या दशकात भारतात आल्या, ‘सुभद्रादेवी’ या नावाने ओळखल्या गेल्या, आणि पुढे येथील सिंदिया प्राच्य शोध संस्थानात त्यांनी काम केले. 1948 च्या ‘विक्रम’ ग्रंथात सिद्धसेन दिवाकर व विक्रमादित्य यांवर त्यांचा लेख आहे. 1980 साली ग्वाल्हेरीस त्या निवर्तल्या. दोघांची दिशा निरनिराळी, परंतु निघताना दोघांच्याही मनात एक विषय होता. आपण एवढे मोठे कार्य करावयास जात नाही, हे खरे. तरी पंधरा दिवसांच्या सहलीसही एखादा विषय असावयास काय हरकत आहे?

मग विषय कोठून आणावा? आमचे उत्तर असे, की तो आपल्या दुकानात व आपल्या गावातच सापडतो. काही उदाहरणे देतो.

कापडाच्या धंद्यातील कुटुंब घ्या. भैरवगडची छपाई आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तेथे मेणाने नक्षी झाकून रंग चढविण्याची जी बाटिक कला आजही चालते, तिचे सर्वांत मोठे क्षेत्र म्हणजे इंडोनेशियाचे जावा बेट. जोगजकार्ता, सोलो व पेकालोंगान या गावांत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, व 2009 साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. तेथे बारीक तोटीच्या तांब्याच्या लेखणीने मेणाची रेघ ओढणाऱ्या स्त्रिया शेजारी बसून पाहता येतात. तांब्याच्या ठशास तेथे ‘चाप’ म्हणतात. आपल्या ‘छाप’ शब्दाची आठवण कोणास होणार नाही? आपल्यातील पुष्कळ मंडळी बालीला जाऊन समुद्रकिनारा पाहून परत येतात. त्या बालीपासून जोगजकार्ता विमानाने तासा-दीड तासावर आहे, आणि बोरोबुदूर व प्रांबानान ही प्राचीन देवस्थाने त्याच परिसरात आहेत. आमच्या मातोश्रींना आम्ही तेथे न्यावयास हवे होते.

धान्य व तेलबियांच्या व्यापाऱ्यांस शिकागो सुचवावेसे वाटते. माळव्याच्या शेतीचे रूप सोयाबीनने पालटले ते 1970 नंतर. ज्या सोयाबीनचा भाव आपण रोज सकाळी पाहतो त्याचे वायदे शिकागोच्या बाजारात 1936 पासून होत आले आहेत, आणि तो बाजार 1848 साली स्थापन झालेला आहे. त्याच्या 1930 सालच्या उंच इमारतीच्या शिखरावर धान्यदेवतेचा पुतळा उभा आहे. सौद्याच्या कठड्यांतील आरडाओरडा व हातवारे मात्र आता पाहावयास मिळत नाहीत. बहुतेक वायदे-कठडे 2015 मध्ये बंद झाले व व्यवहार यंत्रावर गेले. म्हणून केवळ इमारत पाहून परतू नये. पर्युषण आटोपल्यावर, कापणीच्या दिवसांत, इलिनॉयची शेते व धान्याची कोठारे पाहावीत. ज्या वास्तूत 1893 ची परिषद भरली तेथे आज शिकागोचे प्रसिद्ध कलासंग्रहालय आहे, आणि शहरालगत बार्टलेट येथील जैन मंदिराच्या आवारात वीरचंदभाईंचा पुतळा आहे. धंदा आणि श्रद्धा यांची एकाच प्रवासात अशी गाठ क्वचितच पडते.

ज्योतिषाची वा गणिताची आवड असणाऱ्या मुलामुलींच्या मातापित्यांनी आपल्या वेधशाळेपासून आरंभ करावा. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेल्या या वेधशाळेचा जीर्णोद्धार माधवराव शिंदे महाराजांनी 1923 साली केला, व गोविंद सदाशिव आपटे हे तिचे पहिले अधीक्षक झाले. जयसिंहांनी ज्या सारण्या आधारास घेतल्या त्या समरकंदच्या उलुगबेगाच्या. त्याच्या वेधशाळेतील प्रचंड यंत्राचा जमिनीखालचा भाग 1908 साली उत्खननात सापडला व आजही पाहावयास मिळतो. दिल्लीहून ताश्कंद विमानाने सुमारे तीन तासांवर, आणि तेथून समरकंदास वेगवान आगगाडी जाते. लालबहादूर शास्त्रीजींचे देहावसान 11 जानेवारी 1966 रोजी ताश्कंद येथेच झाले, तेव्हा त्या गावी आपले मस्तक सहजच नम्र होते. याहून दूर जाण्याची ऐपत असेल तर लंडनजवळचे ग्रीनिच पाहावे. भारतीय सिद्धान्तग्रंथांनी शून्य रेखांश आपल्या उज्जयिनीवरून मानिला होता. 1884 च्या वॉशिंग्टन परिषदेने जगासाठी तो ग्रीनिचवरून मानिला. तेथील रेघेवर उभे राहून आपल्या मुलास सांगावे, की आपल्या गावचा सूर्य या रेघेच्या पाच तास तीन मिनिटे आधी माथ्यावर येतो. ते वाक्य तो जन्मभर विसरणार नाही.

धर्मग्रंथांची आवड असणाऱ्या वडील मंडळींना लंडनमध्ये आणखी एक आकर्षण आहे. तेथील ब्रिटिश ग्रंथालयातील जैन हस्तलिखितांचा संग्रह एवढा मोठा, की 2006 साली त्याची सूची तीन खंडांत प्रसिद्ध झाली. मात्र अशा ठिकाणी ‘सहज डोकावलो’ असे चालत नाही. आधी पत्रव्यवहार करून नावनोंदणी करावी लागते. लंडनहून आगगाडीने लेस्टरला गेल्यास तेथे जुन्या प्रार्थनामंदिराच्या वास्तूत उभारलेले व 1988 साली खुले झालेले जैन मंदिर आहे. त्याचा संगमरवरी दर्शनी भाग पाहून आपण इंग्लंडात आहोत हे क्षणभर विसरावयास होते. जवाहिऱ्यांना बेल्जियममधील अँटवर्पविषयी आम्ही काही सांगावे असे नाही. पालनपूरच्या जैन बांधवांनी तेथे हिऱ्याचा व्यापार व मंदिर दोन्ही उभी केली आहेत.

विषय ठरला म्हणजे सर्व झाले असे नाही. आपल्या घरांत आहाराचे व वेळेचे जे नियम पाळले जातात त्यांचा विचार निवडीपूर्वीच व्हावा, तिकिटे काढल्यानंतर नव्हे. आमची चूक नेमकी येथे झाली. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्याने पंचांगाबरोबर नकाशाही पाहावा. लंडनला जून महिन्यात रात्री नऊ वाजून गेल्यावर सूर्यास्त होतो, तर डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच. नॉर्वेच्या उत्तरेस ट्रॉम्सोसारख्या गावी मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. तेथे चौविहार केव्हा करावा, हा प्रश्न निघण्यापूर्वीच आपल्या गुरुमहाराजांस विचारलेला बरा. विषुववृत्ताजवळच्या जावा, सिंगापूर वा मोंबासा येथे मात्र बाराही महिने दिवस व रात्र जवळजवळ सारखी, तेव्हा वृद्धांच्या नियमास ते प्रदेश सोयीचे. शिवाय मोंबासास आफ्रिकेतील आपल्या बांधवांनी शिखरबंद जिनालय उभारलेले आहे. उत्तरेकडील देशांचा चांगला ऋतू आपल्या चातुर्मासात येतो, हीही अडचण ध्यानात घ्यावी. ज्यांस चातुर्मासात प्रवास वर्ज्य आहे त्यांनी अक्षयतृतीयेनंतरचे दिवस, अथवा दक्षिणेकडील देश निवडावेत.

अन्नाविषयीही नुसते ‘शाकाहारी मिळते’ या आश्वासनावर विसंबू नये. जावात भाज्या व सोयाबीनचे पदार्थ विपुल आहेत. परंतु तेथील चटण्यांत सुकविलेल्या कोळंबीचा अंश असतो, आणि ‘टेंपे’ हा सोयाबीनचा पदार्थ आंबविलेला असल्याने आपल्यातील कित्येकांस चालणार नाही. समरकंदकडे मुख्य आहार मांसाचा. तेथे फळे, सुका मेवा व भाकरी यांवर भागवावे लागेल, आणि जोडीस घरची शिदोरी हवी. ज्या कुटुंबास हे जमणार नसेल त्याने तो देश टाळावा. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की सहल म्हणजे विसावा. तेथेही धंदा, अभ्यास व नियम कशाला? विसाव्यास आमचा विरोध नाही. ज्यांस समुद्रकाठी आठ दिवस स्वस्थ बसावयाचे आहे त्यांनी खुशाल बसावे. ती त्यांची आवड, आणि आवडीप्रमाणे केलेली निवड हीच आमच्या म्हणण्यातील मुख्य गोष्ट. आम्ही म्हणतो ते इतकेच, की नऊ देशांची धावपळ हा विसावाही नव्हे आणि दर्शनही नव्हे. दुसरा आक्षेप असा, की आधी आपला देश पाहावा. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि म्हणूनच आम्ही एक साधी कसोटी सुचवितो. जो विषय घेऊन परदेशी जावयाचे, तो प्रथम आपल्या गावी पाहावा. जो भैरवगडच्या छपाईवाल्यांच्या अंगणात कधी घटकाभर बसला नाही त्यास जावात जाऊन काय दिसणार? ज्या मुलाने वेधशाळेतील सम्राटयंत्रावरून वेळ वाचली नाही त्यास ग्रीनिचची रेघ म्हणजे फरशीवरची एक पट्टी. गावातल्या फेरीस खर्च रिक्षाभाड्याचा. तेथे मन रमले तर आवड खरी. न रमले तर लाखो रुपये वाचले, असे समजावे.

शेवटी आपल्या संस्थेस एक सूचना. परदेशी जाऊन आलेल्या सभासदांनी लिहावे म्हणून संस्थेच्या कार्यालयात एक वही ठेवावी. तीत देशांची नावे व छायाचित्रे नकोत. कोणत्या आवडीने गेलो, कोणत्या महिन्यात गेलो, सूर्यास्त केव्हा होई, जेवणाची सोय कशी होती, वृद्धांस किती चालावे लागले, आणि काय पाहावयाचे राहिले, एवढे प्रत्येकाने आपल्या हाताने लिहावे. आपण रोकडवही व खतावणी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. ही वही सांभाळणे आपणांस जड नाही. पाच वर्षांत तिच्याइतका विश्वासू मार्गदर्शक कोणत्याही कंपनीच्या पत्रकात सापडणार नाही. तिच्यातील पहिले पान आमचे, व त्यावर आमची चूक लिहिलेली असेल.

तोवर प्रत्येक घराने एवढे करावे. पुढच्या सहलीचा विचार निघेल त्या दिवशी पत्रके बाजूस ठेवून घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीजवळ बसावे, आणि तिला काय पाहावेसे वाटते ते विचारावे. उत्तर चटकन मिळणार नाही. आपल्या आयांना आपली आवड सांगण्याची सवय नसते. म्हणून दोनदा विचारावे.